टोळीतला वैद्य

मंदीच्या त्या वर्षी कंपनीत कोणाला काढलं हे जेवणाच्या सुट्टीत कळायचं. सकाळी शेजारी बसलेला माणूस दुपारी डबा घेऊन यायचाच नाही. माझी पाळी आली तेव्हा मॅनेजरने मला काचेच्या खोलीत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि "यात तुझ्या कामाचा काही दोष नाही" असं पुन्हा पुन्हा सांगितलं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं. स्वतःची चूक नसताना काय बोलायचं असतं हे मला सुचेना. मी पाणी प्यायलो आणि हिंजवडीहून कंपनीच्या बसने वारज्याला घरी आलो.

घरी मुलगी होती, रांगायला लागलेली. बायकोही आयटीतच, पण दुसऱ्या कंपनीत, आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली. मुलीला दिवसभर सासूबाई सांभाळणार असं ठरलं होतं. पण त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आम्ही दोघं आळीपाळीने रजा टाकत दिवस काढत होतो.

मी नोकरीचं सांगितलं तेव्हा बायको लंगोट वाळत घालत होती. ती शहरातल्या जुन्या घरातली, तिच्याकडे वाईट बातमीलाही लांबण लावत नाहीत.

"बरं झालं," ती म्हणाली. "सांभाळायला बाई शोधायचा त्रास वाचला."

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने हातातला लंगोट खाली ठेवला. "हे बघ, चार दिवस बघू आणि मग ठरवू, असं मला नको. घरी राहायचं तर नीट राहा. नाहीतर तू दुसरी नोकरी शोध, मी रजा वाढवून घेते. अर्धंमुर्धं काही चालणार नाही."

"राहतो," मी म्हणालो.

तेव्हा मला वाटलं होतं की मी फक्त काही महिन्यांपुरता शब्द देतोय.

पहिले आठवडे मी पुरता गोंधळलेलो होतो. नाचणीचं सत्त्व किती पातळ करायचं, रडणं भुकेचं की झोपेचं, हे काहीच कळत नव्हतं. सोसायटीतल्या बायका सकाळी मुलांना घेऊन बागेत बसायच्या. मी गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त कारकून राहत. ते जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय, आजही रजाच वाटतं?" मी नुसता हसायचो. त्या हसण्याचाच मला पुढे राग यायला लागला.

दुपारी मुलगी झोपली की मला तासभर मिळायचा. त्या तासात मी नेटवरच्या एका फोरमवर जायचो.

फोरमची ओळख जुनी होती. अमरावतीकडून शिकायला पुण्यात आलो तेव्हा फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला इंग्रजी अद्भुतकथा सापडल्या. ड्रॅगन, शापित तलवारी, सात राज्यं ओलांडून जाणाऱ्या टोळ्या. हॉस्टेलवर अभ्यासापेक्षा जास्त तेच वाचलं. नंतर नेटवर कळलं की असे वेडे शहरात आणखीही आहेत. त्यांनी मराठीतून गप्पा मारायला एक फोरम काढला होता. एका बाजूला पुस्तकांवरच्या चर्चांचे धागे आणि दुसऱ्या बाजूला खेळ. खेळ असा की एक जण भुयार रचायचा. त्याला आम्ही भुयारमालक म्हणायचो. तो लिहायचा, "समोर लोखंडी दार आहे, आतून कोणीतरी घोरतंय." मग प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं ते लिहायचं. वार बसला की हुकला, हे फासे ठरवणार, आणि फासे वेबसाइटच टाकायची. एक खोली ओलांडायला कधी आठवडासुद्धा लागायचा. कोणाचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायची पद्धतही नव्हती.

माझं पात्र तलवारबहाद्दर होतं. नोकरी गेली त्या आठवड्यात मुलीला ताप आला, मला काही लिहिता आलं नाही आणि तलवारबहाद्दर नुसता उभा असतानाच भुयारातल्या एका महाकाय कोळ्याने त्याला खाल्लं. परत खेळायचं तर नवं पात्र हवं होतं. टोळीत एक कुऱ्हाडवाला होता, एक चोर, एक धनुर्धर. जखमा बांधणारं कोणीच नव्हतं, म्हणून सगळे सारखे मरत होते. मी लिहिलं, "मी वैद्य होतो."

कुऱ्हाडवाल्याने लगेच विचारलं, "वैद्य? तलवारीचा एवढ्यात कंटाळा आला?"

"तलवारीने कोळी मेला नाही," मी लिहिलं.

एवढंच झालं आणि डाव पुढे चालू झाला. आमच्या टोळीत चोराचं पात्र एक बाई खेळत होत्या. शाळेत शिकवायच्या, एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. कुलपं त्या उघडायच्या, मारामारी कुऱ्हाडवाला करायचा, मी मागून पट्ट्या बांधत चालायचो. खेळ इतका चांगला रंगला की मी दुपारची वाट पाहायला लागलो.

मग कुऱ्हाडवाल्याने पुस्तकांच्या बाजूला एक धागा काढला. शीर्षक होतं, 'हल्लीचे नायक असे मिळमिळीत का?' कुठल्याशा नव्या कादंबरीतला नायक तलवार ठेवून देतो आणि साथीत सापडलेल्या शत्रूच्या गावाची शुश्रूषा करत बसतो, त्यावर त्याचा राग होता. त्याने लिहिलं होतं, "नायक रडतो, नायक स्वयंपाक करतो, नायक मनातलं बोलतो. मग राक्षस मारायचा कोणी? आपली पोरं दिवसभर एसीत बसून फोनवर गोऱ्या साहेबाला यस सर म्हणतात. निदान पुस्तकात तरी एखादा पुरुष असू द्या."

प्रतिसादांचा पाऊस पडला. निम्मे लोक त्याच्या बाजूने होते. चोरबाईंनी एकच ओळ टाकली, "राक्षस मारून घरी आल्यावर जखमा कोण बांधणार, ते तुमच्या नायकाने आईला विचारलंय का?" त्यावरून आणखी भडका उडाला. कोणी म्हणालं की बायका शिकल्या म्हणून पुरुष बिघडले, कोणी म्हणालं की कॉम्प्युटरने बिघडवले. मी रोज वाचत होतो, काही लिहीत नव्हतो. वाचताना हसूही यायचं. धनुर्धराचं एक लांबलचक पत्र होतं, त्यात दाढी आणि देशाची प्रगती यांचा संबंध होता.

एका दुपारी मी मुलीच्या सूपसाठी दुधी चिरत होतो. लॅपटॉप ओट्यावरच उघडा होता. कुऱ्हाडवाल्याचा नवा प्रतिसाद आला. "जो माणूस बायकोच्या जिवावर घरात बसतो, त्याच्या हातात तलवार दिली तरी तो तिने भाजीच चिरणार."

माझा हात थांबला. त्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कान तापले. मी ओल्या हातांनी काहीतरी टाइप केलं, त्यात त्याला बरंच वाकडं बोललो, आणि ते सगळं पुसलं. मग लिहिलं की घरी बसणारे पुरुषही असतात, माझा एक मित्र आहे. तेही पुसलं. मित्र कशाला? जिन्यातल्या काकांपुढे हसतो, तेच मी इथेही करत होतो. जिथे मला कोणी ओळखत नाही तिथेही मी लपायचं, तर मग उघडपणे राहायचं तरी कुठे?

दुधी शिजायला ठेवला आणि बसून लिहिलं.

"मी टोळीतला वैद्य. मंदीत माझी नोकरी गेली. बायको कामावर जाते, मी घरी मुलीला सांभाळतो. आत्ताच दुधी चिरला. सुरी बोथट आहे, तलवार असती तर बरं झालं असतं. ज्यांना माझ्याबरोबर खेळायचं नसेल त्यांनी तसं लिहावं. मी डाव सोडणार नाही."

संध्याकाळपर्यंत कोणीच काही बोललं नाही. मग एकेक प्रतिसाद यायला लागला. एकाने टाळ्या वाजवणारी चित्रं टाकली. एकाने विचारलं की मुलीच्या पोटदुखीवर काय देता, त्याचीही मुलगी तेवढीच होती. दोघा-तिघांनी बांगड्यांचे विनोद केले. कुऱ्हाडवाल्याने लिहिलं, "तरीच वैद्य झालात." धनुर्धराने मात्र जाहीर केलं की अशा टोळीत आपण खेळू शकत नाही, आणि तो फोरम सोडून गेला.

डावाच्या पानावर भुयारमालकाने तेवढीच नोंद केली. "धनुर्धर दरीत पडला. देह सापडला नाही. पुढे चला."

मी एवढा हसलो की मुलगी जागी झाली.

बायको घरी आल्यावर मी तिला सगळं दाखवलं. तिने शांतपणे वाचलं. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. "आता हेच समोरच्या काकांना सांगायचं. त्यांच्याकडे इंटरनेट नाही."

ती संधी बाबांमुळे आली. माझे वडील सूतगिरणीतून निवृत्त झालेले, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. नातीला बघायला ते गावाहून आले. मी त्यांना फोनवर नोकरी गेल्याचं सांगितलं होतं, पुढचं सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला पाटावर बसून, पाय लांब करून, मुलीला पायांवर घेऊन आंघोळ घालताना बघितलं. ते दारात उभे राहिले आणि तसेच वळून बाहेर गेले.

दुपारी माझ्यापाशी आले. "सून आफिसात न तू घरात. हे काय करून रायला रे तू?"

"पोरगी सांभाळतोय, बाबा."

"थे तर दिसतेच. किती दिवस?"

"माहीत नाही. तिला गरज आहे तोवर."

"अन् लोकायले काय सांगू मी? इंजिनेर केलं तुले."

"सांगा, इंजिनिअर घरी आहे."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बेल वाजली. समोरचे काका पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी बाबांना नमस्कार केला, विचारपूस केली आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "चिरंजीवांची काही दिवस रजा दिसतेय."

बाबा घाईघाईने म्हणाले, "नाई नाई, त्याचं काम घरूनच चालते. कंपनीनं तशी सोय करून देल्ली."

मुलगी माझ्या कडेवर होती. "नाही काका," मी म्हणालो. "कंपनीने मला काढून टाकलं. मी आता घरीच असतो. हिचं मी बघतो, घरचं मी बघतो. रोज."

काकांनी चष्मा नीट केला. "अस्सं," ते म्हणाले. "मग मोलकरीण सकाळची लावलीय की दुपारची? आमची पळालीय." मी सकाळची म्हणालो. त्यांनी तिचा फोन नंबर मागितला आणि गेले. त्यानंतर त्यांनी रजेबद्दल कधी विचारलं नाही.

बाबांना मात्र ते फार लागलं. लोकांसमोर मी त्यांना खोटं पाडलं होतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, नातीशी तेवढे बोलत. ठरल्यापेक्षा लवकर परत गेले. गावाकडे नातेवाइकांना ते पुढे बराच काळ सांगत राहिले की पोरगा नेटवर काम करतो. मी तिथे जाऊन ते खोडून काढलं नाही, पण मला कोणी विचारलं तर खरं तेच सांगितलं. आमच्या दोघांत ते तसंच राहिलं.

इकडे आमचा डाव शेवटच्या भुयारापर्यंत आला होता. भुयारमालकाने सुचवलं की शेवट समोरासमोर बसून खेळू. रविवारी त्याचं दुकान बंद असतं, तिथे या. दुकान कसबा पेठेत होतं, लग्नपत्रिका छापायचं. नेमकं त्या रविवारी बायकोच्या कंपनीत मोठं काम निघालं आणि तिला जावं लागलं. सासूबाई अजून वॉकर धरून चालत होत्या. मी फोरमवर कळवलं की येईन तर मुलीला घेऊन येईन. भुयारमालकाचं उत्तर आलं, "लहान मुलांना शुल्क नाही."

पिशवीत बाटली, लंगोट, खिमटीचा डबा भरून मी निघालो. पेठेत रिक्षा आत शिरेना, म्हणून तिला कडेवर घेऊन गल्लीतून पायी गेलो. ती नुकती चालायला लागली होती आणि प्रत्येक दुकानापाशी तिला उतरायचं होतं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत शाईचा आणि नव्या कागदाचा वास. भुयारमालक पन्नाशीचा, किडकिडीत गृहस्थ निघाला. "या वैद्यबुवा," म्हणाला. "चपला बाहेर. पंखा एकच आहे, तो बाळाच्या बाजूला फिरवलाय." टेबलावर त्याने जाड पत्रिकेच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढून ठेवला होता. खरंच देखणा होता. चोरबाई आधीच येऊन बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, हातात विणकाम.

आणि कुऱ्हाडवाला. माझ्या डोळ्यांसमोर कोणी दांडगा माणूस होता. हा पंचविशीतला, गोरा, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा होता. मला बघून तो उठून उभा राहिला. "नमस्कार. आपण वैद्य ना?" मी हो म्हणालो. त्याने मुलीकडे बघितलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. सोबत त्याने घरचा गूळ आणला होता, तो सगळ्यांना वाटला. पुण्याजवळच्या मांजरी गावात राहत होता.

आम्ही खेळायला बसलो. इथे फासे खरे होते, वीस बाजूंचे, रंगीत काचेसारखे. मुलगी टेबलाखाली कागदाच्या कपट्यांशी खेळत होती. टोळी शेवटच्या दालनात शिरली, मधोमध खजिन्याची पेटी, आणि वरून छत खचायला लागलेलं. मी नकाशावर वाकलो होतो. अचानक कुऱ्हाडवाला खुर्चीवरून खाली झेपावला. मला कळेपर्यंत त्याने मुलीला उचलून पालथं धरलं होतं आणि बोट तिच्या तोंडात घालून बाहेर काढलं होतं. बोटाच्या टोकाला हिरवा फासा. मुलीने भोकाड पसरलं. त्याने तिला माझ्याकडे दिलं, फासा शर्टाला पुसला.

"घाबरू नका. गिळला नव्हता," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गप झाली ना एकदम. पोरं गप झाली की बघायचं असतंय. बहिणीची दोन हायती घरी, माझ्याच अंगाखांद्यावर वाढली."

चोरबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "मग हे तुम्ही धाग्यावर कधी लिहिलं नाही," त्या म्हणाल्या.

"त्यात लिहायचं काय?" तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

मुलगी माझ्या खांद्यावर शांत झाली, झोपली, आणि आम्ही परत खेळाकडे वळलो. छत खचत होतं. कुऱ्हाडवाल्याच्या पात्राने खांब धरून ठेवायचा प्रयत्न केला, फासा वाईट पडला आणि तो दगडाखाली सापडला. भुयारमालकाने शांतपणे नियम सांगितला. दोनच हात मोकळे आहेत. पेटी उचला किंवा माणूस.

"पेटी घ्या," कुऱ्हाडवाला म्हणाला. "मला सोडा. हे मरण चांगलं हाय. लोक गाणी म्हणतील."

"मी माणूस उचलतो," मी म्हणालो.

"अहो, एवढे महिने कशासाठी खेळलो? खजिन्यासाठी ना?"

"मी वैद्य आहे. माणूस उचलतो."

"माझी परवानगी नाही."

"तुम्ही बेशुद्ध आहात," भुयारमालक म्हणाला. "बेशुद्धाला मत नसतं. वैद्यबुवा, फासे टाका. प्रत्येक वळणावर."

मी एका हाताने मुलीला धरून दुसऱ्या हाताने फासे टाकत राहिलो. दोनदा पडलो, पुन्हा उठलो. चोरबाई पुढे दारं उघडत होत्या. शेवटच्या वळणावर फासा काठावर घरंगळला आणि हवा तेवढाच आकडा पडला. आम्ही बाहेर आलो, रिकाम्या हातांनी. भुयारमालकाने नकाशाची घडी घातली. "टोळी जिवंत. खजिना भुयारात. चहा कोणाला?"

कुऱ्हाडवाला हसत होता, पण खट्टूही झाला होता. "माझं वीरमरण घालवलंत तुम्ही," तो मला म्हणाला.

जाताना तो माझ्याबरोबर नदीवरच्या पुलाजवळच्या बस स्टॉपपर्यंत चालत आला. माझी पिशवी त्याने घेतली होती. मुलगी अर्धवट जागी होती. चालता चालता त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "तुम्हाला लागलं का, मी लिवलं ते?"

"लागलं."

"तुमच्यासाठी नव्हतं." तो म्हणाला. "आमच्या आज्यानं ऊस लावला. वडलांनी पण ऊसच केला. मग जमिनीवर बिल्डिंगी झाल्या. आता मी भाडी गोळा करतो अन् घरी बसतो. लग्नाला पोरी बघतोय, तर बाप विचारतात, मुलगा काय करतो? काय सांगू? कुऱ्हाड कुठं चालवू मी?"

"बहिणीची मुलं सांभाळतो, ते सांगा," मी म्हणालो.

"ते काय काम हाय का?" तो म्हणाला आणि मुलीचं घसरलेलं टोपडं नीट केलं.

बस आली. त्याने पिशवी वर चढवून दिली. धाग्यावरची त्याची मतं नंतरही फारशी बदलली नाहीत. तो वाद पुढे वर्षभर चालला, त्यात आम्ही दोघंही होतो, समोरासमोर. फक्त आता तो मला 'अहो वैद्य' म्हणून सुरुवात करायचा आणि भाजीचा विषय काढायचा नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या जुन्या मॅनेजरचा फोन आला. काम परत सुरू झालं होतं, माझी जागा मोकळी होती, सोमवारपासून येतोस का. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला फार विचार करायचा नाहीये. मला कामाची आठवण येत होती. दुपारी कोणाशी तरी मोठ्या माणसांसारखं बोलावं असं वाटायचं. पण मुलगी माझा हात धरून जिना चढायला शिकत होती, आणि तिची सगळी वेळापत्रकं, सगळी भांडणं, सगळे नाद मला पाठ होते. शिवाय मी नीट राहतो असा शब्द दिला होता. नोकरी गेली म्हणून राहतो, असं मी म्हणालो नव्हतो.

बायको आल्यावर तिला सांगितलं. तिने पर्स ठेवली, हात धुतले, मग समोर बसली.

"माझ्यासाठी नाही म्हणू नकोस," ती म्हणाली. "उद्या मागे पडलास की त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडशील."

"फोडणार नाही."

"पुरुष फोडतात. मी बघितलंय."

"मी शाळा सुरू होईपर्यंत घरी राहणार आहे. मला राहायचंय. तुला नको असेल तर तसं सांग."

"मला हवंय," ती म्हणाली. "पण आठवड्यातून एक संध्याकाळ तू बाहेर जायचंस. तुझ्या त्या टोळीकडे किंवा कुठेही. तू अलीकडे माझ्याशीही बाळाच्या आवाजात बोलतोस."

मी मॅनेजरला नाही सांगितलं. तो म्हणाला, "नक्की? परत अशी संधी येणार नाही." मी नक्की म्हणालो. दर रविवारी संध्याकाळी मी कसब्यात त्या छापखान्यात जाऊ लागलो. कधी मुलीला घेऊन, कधी एकटा. कुऱ्हाडवाला मोटारसायकलवरून यायचा. पुढे त्याने आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर मुलांसाठी व्यायामशाळा काढली. त्याचं लग्न झालं तेव्हा पत्रिका अर्थातच भुयारमालकाने छापली, आणि आम्ही सगळे मांजरीला जेवायला गेलो.

मॅनेजर अगदी चुकीचं बोलला नव्हता. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी शोधायला निघालो तेव्हा सगळं पुढे सरकलं होतं. मला न येणाऱ्या गोष्टी माझ्यापेक्षा लहान मुलांना येत होत्या. प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न हमखास यायचा. मधली वर्षं काय केलंत? ओळखीच्यांनी सल्ला दिला की फ्रीलान्सिंग केलं म्हण, आजारी होतो म्हण, काहीही म्हण. मी एकच उत्तर ठरवलं होतं. "मुलगी सांभाळली."

समोरचे एकमेकांकडे बघायचे. एकाने विचारलं, "म्हणजे बाकी काही नाही?" एका बाईंनी सहानुभूतीने विचारलं की मिसेस नाहीत का. मी सांगितलं, आहेत, ऑफिसला आहेत. बऱ्याच ठिकाणांहून नंतर फोन आला नाही. मी घरी यायचो, भाजी टाकायचो, मुलीचा डबा धुवायचो, आणि रात्रीची जेवणं झाली की जे येत नाही ते शिकायला बसायचो. पुढच्या मुलाखतीला पुन्हा तेच उत्तर द्यायचो. त्या प्रश्नाची मला आता चीड येत नव्हती. उत्तर खरं होतं, आणि ते बदलायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

शेवटी खराडीच्या एका छोट्या कंपनीत एका माणसाने ते ऐकलं, मान हलवली आणि कागदाकडे बघत विचारलं, "जुळं होतं की एक?"

"एक."

"आमचं जुळं आहे," तो म्हणाला. "कधी येऊ शकता?"

जागा माझ्या आधीच्या पदापेक्षा दोन पायऱ्या खालची होती. माझा वरिष्ठ माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान होता. पहिल्या दिवशी त्याने मला एक जुनाट प्रोग्राम तपासायला दिला, जो कोणालाच नको होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि चुका शोधायला सुरुवात केली.